कोचनं माझ्याकडेच पाहिलं होतं

व्हर्लिन ओस्टमायरशी वाद घालू नये, हे आमच्या गावात शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. तो चुकत नाही, हीच खरी पंचाईत. त्याच्या सख्ख्या काकांच्या दफनविधीत पाद्री म्हणाले, "त्यांनी चार वर्षं सैन्यात काढली." तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "तीन वर्षं सात महिने." नेड्रानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याला कोपरानं ढोसलं. त्यावर तो म्हणाला, "मग काय, खोटं घेऊन वर जाऊ द्यायचं त्यांना?"

चाळीस वर्षं त्यानं दुधाचा धंदा केला. गुडघे गेले तेव्हा गाई विकल्या. आता तो रोज सकाळी सहाला मर्नाच्या खानावळीत काउंटरपाशी बसतो. शेजारच्या स्टुलावर एल्डन टॅकेट असतो. एल्डननं एकतीस वर्षं गावात टपाल वाटलं. दोघं पहिलीपासूनचे मित्र. कॉफीचा पहिला घोट पोटात गेला की विषय एकच, बास्केटबॉलचे जुने कोच.

"स्ट्रिकलर असता ना, तर आजच्या पोरांना आठवड्यात सरळ केलं असतं त्यानं," एल्डन म्हणायचा. स्ट्रिकलर हा नदीपलीकडच्या कॉलेजचा कोच.

"स्ट्रिकलर? त्याचा स्वतःचा टाय कधी सरळ नसायचा."

"पण जिंकायचा."

"आमच्या हॅव्हरकॅम्पविरुद्ध चौदा सामने. जिंकला पाच. जिंकायचा म्हणे!"

ऑरिन हॅव्हरकॅम्प आमच्या कॉलेजचे कोच. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली, पण गावातल्या गप्पांतून ते अजून हललेले नाहीत. त्यांची एक सवय होती. आपला खेळाडू फ्री थ्रो घ्यायला उभा राहिला की ते मैदानाकडे पाठ फिरवायचे आणि प्रेक्षकांचे चेहरे पाहत उभे राहायचे. चेंडू आत गेला की नाही, ते त्यांना लोकांच्या तोंडावरून कळे. त्यामुळे झालं असं, की प्रत्येकाला वाटायचं, कोच माझ्याकडेच पाहताहेत.

एकोणसत्तर सालच्या फेब्रुवारीत स्ट्रिकलरविरुद्धचा सामना बरोबरीत आला होता. वेळ संपलेली, आमचा एकच फ्री थ्रो उरलेला. हॅव्हरकॅम्प वळले, लोकांकडे पाहिलं आणि चेंडू पडायच्या आधीच टोपी डोक्यावर घालून चालू लागले. आम्ही जिंकलो होतो. कॉलेजच्या ज्या व्यायामशाळेत हा सामना झाला, तिथं जागा होत्या सव्वीसशे. आज आमच्या जिल्ह्यात पन्नाशीच्या वरचा एकही माणूस सापडणार नाही, जो त्या संध्याकाळी तिथं नव्हता.

मागच्या हिवाळ्यात कॉलेजनं ती व्यायामशाळा पाडायचं ठरवलं. पाडण्याआधी एक संध्याकाळ ठेवली. त्या सामन्याला जे होते, त्यांनीच यायचं आणि आपापल्या जुन्या जागेवर बसायचं. नावं आली त्रेचाळीसशे. त्यातली बरीच माणसं तेव्हा जन्मलेलीही नव्हती. कॉलेजवाले घाबरले आणि त्यांनी यादी व्हर्लिनच्या हातात दिली. माझं अक्षर बरं म्हणून त्यानं मला जोडीला घेतलं. त्याच्या तिन्ही मुली माझ्या वर्गातून गेल्या आहेत, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

तीन आठवडे आम्ही त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. माणसं एकेक करून येत, आणि व्हर्लिन प्रत्येकाला एकच प्रश्न विचारी. "शेवटचा चेंडू रिंगवर किती वेळा फिरला?"

"तीन वेळा!" लोक छाती फुगवून सांगत.

"बाई, खोडा," व्हर्लिन मला म्हणे.

कारण चेंडू फिरलाच नव्हता. रिंगला न शिवता सरळ आत गेला होता. तीन फेऱ्या रेडिओवरच्या निवेदकानं मारल्या होत्या, ऐकणाऱ्यांचा जीव टांगायला. तीन म्हणणारा माणूस घरी रेडिओपाशी होता, हे व्हर्लिनचं गणित. बँकेचे साहेब खोडले गेले. आमचे दंतवैद्य खोडले गेले. एक बाई तर रडली. "माझ्या डोळ्यांनी पाहिलंय हो!" म्हणाली. व्हर्लिन शांतपणे म्हणाला, "कानांनी, बाईसाहेब."

मग एल्डन आला. तो परीक्षा द्यायला आलाच नव्हता, नेड्राचं पर्सिमन फळाचं पुडिंग खायला आला होता. चमचा तोंडात असतानाच व्हर्लिननं विचारलं. एल्डन म्हणाला, "तीन. आणि कोचनं माझ्याकडेच पाहिलं होतं."

व्हर्लिन माझ्याकडे बघेना. "बाई, खोडा."

"अरे, साठ वर्षांची दोस्ती आपली!"

"त्रेसष्ट. म्हणून तर खोडायचं. तुला सोडलं तर त्या दंतवैद्याला काय तोंड दाखवू?"

एल्डननं बशी तशीच ठेवली, कोट घेतला आणि गेला. दुसऱ्या दिवशी तो मर्नाकडे आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मर्नानं शेजारच्या स्टुलावर एका ट्रकवाल्याला बसवलं. त्या बिचाऱ्याला हॅव्हरकॅम्प कोण तेसुद्धा माहीत नव्हतं. व्हर्लिन अर्ध्या कॉफीवरून उठून घरी आला.

मी यादी घेऊन पोचले तेव्हा तो चडफडत होता. "इतकी वर्षं तोंड वर करून थाप मारली यानं. आणि रुसून बसलाय कोण? तोच!"

नेड्रा भांडी विसळत होती. तिनं नळ बंद केला. "त्या संध्याकाळी आपल्या गाई कुणी पिळल्या?"

"कुठल्या गाई?"

"आपल्या! अख्ख्या जिल्ह्याची उलटतपासणी घेतोस, एवढं आठवत नाही? तू चारला गेलास, दहाला आलास. तुझ्या वडिलांची कंबर मोडलेली. मला आठवा महिना. गाई काय फ्री थ्रो संपेपर्यंत थांबल्या? एल्डन होता गोठ्यात."

तिकीट मिळाल्याचं व्हर्लिनला आठवत होतं. सातवी रांग, अकरावी जागा. गोठ्याचं काय झालं, ते मात्र त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. त्यानं टोपी घातली. "बाई, गाडी काढा. माझा गुडघा क्लच दाबत नाही."

एल्डन आपल्या ओसरीवरचा बर्फ लोटत होता. आम्हाला पाहूनही त्यानं फावडं थांबवलं नाही.

"सांगितलं का नाहीस?" व्हर्लिन खेकसला.

"सांगत होतो. पहिली दहा वर्षं खरंच सांगत होतो, गोठ्यात होतो म्हणून. ऐकतंय कोण! ज्यांनी रेडिओसुद्धा लावला नव्हता ते सगळे व्यायामशाळेत, आणि शब्द न् शब्द ऐकणारा मी तेवढा बाहेर? मग मीही गेलो आत."

"आणि कोचनं तुझ्याकडे पाहिलं ते?"

"निवेदक म्हणाला, हॅव्हरकॅम्प वळले. मग मीही रेडिओकडे पाठ केली. समोर तुझी ती पांढऱ्या कपाळाची गाय होती. तिच्या तोंडाकडे बघत राहिलो."

"मग?"

"रवंथ चालू होतं तिचं. म्हटलं, जिंकलो."

व्हर्लिन हसला नाही. त्यानं माझ्याकडून यादी घेतली, गाडीच्या टपावर पसरली आणि खिशातली पेन्सिल काढली. नियम मोडायचा नव्हता आणि मित्रही सोडायचा नव्हता. ते त्याच्या कपाळावर स्पष्ट दिसत होतं. थंडीत आम्ही दोघं पाय आपटत उभे होतो. शेवटी त्यानं लिहिलं.

"व्यायामशाळेत होतास असं मी लिहिणार नाही," तो म्हणाला.

"नको लिहूस."

"जागेच्या रकान्यात गोठा लिहिलाय. दारावर यादी घेऊन मीच उभा असणार. कोण अडवतो तुला ते बघतो."

एल्डननं फावडं भिंतीला टेकवलं, चष्मा पुसला आणि वाकून वाचलं. "गोठा, बत्तीस गाई," त्यानं मोठ्यानं म्हटलं. मग मान हलवली. "चौतीस होत्या."

"बत्तीस! माझ्या गाई मला माहीत नाहीत?"

"दोन त्याच आठवड्यात व्यायलेल्या. त्या वेगळ्या बांधल्या होत्या. चौतीस पिळल्या मी."

"बत्तीस, एल्डन."

"तू होतास का तिथं?"

व्हर्लिननं माझ्याकडे हात पुढे केला आणि खोडरबर मागितलं.