रेशीम नको, आतडं नको

जिनदत्तअण्णा निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. माणूस लई सज्जन, पण डोक्याला ताप. दवाखान्यात आले की औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर भिंग लावून वाचायचे आणि कॅप्सूलचं कवच जनावराच्या हाडाचं तर न्हाय ना, ते मला विचारायचे. मी मायाप्पा, तिथला कंपाउंडर. मला काय ठाऊक? मी काय कारखान्यात जन्मलोय?

शहाऐंशी साली जैन बस्तीत, म्हंजे त्यांच्या देवळात, पहिल्या कलशाचा मान त्यांना मिळाला. एकवीस वर्षं वाट बघितलेली. अभिषेक दुपारी तीनला, आणि सकाळी दहाला अण्णांनी शहाळं सोलताना कोयता अंगठ्याच्या बुडात घातला. हातातनं रक्त येत असलं तर मूर्तीवर कलश घालता येत न्हाय. त्यांची बायको, कमलाक्का, हात फडक्यात गुंडाळून त्यांना घेऊन आल्या. अण्णा रडायच्या बेतात आलते.

डॉक्टर म्हणाले, तीन टाके. अण्णांनी विचारलं, दोरा कशाचा? माझी जीभ बी लई लांब. सांगितलं, एक रेशमाचा, किडे उकळून काढतात त्यो. दुसरा मेंढराच्या आतड्याचा. झालं! अण्णांनी हात मागं घेतला.

म्हणाले, चिकटवा. सुताराचा सरस कातड्याचा, म्हणून त्यो बी बाद. मग घड्याळवाल्या मष्णूकडनं झटक्यात चिकटणारी नळी मागवली. डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं, की चीर उथळ, कोरडी आणि न वाकणाऱ्या जागी असती, आणि कातडीसाठीचा खास डिंक असता, तर गोष्ट वेगळी. ही नळी घड्याळाची, आणि अंगठा सारखा वाकतोय, इथं टाकाच टिकंल. ऐकतंय कोण? अण्णांनी स्वतःच थेंब सोडला. असं चरचरलं की डोळ्याला पाणी आलं, पण चीर मिटली.

"बघ रं, तुझं मेंढरू वाचलं," मला म्हणाले.

दोन वाजता घरी रिकामा तांब्या उचलून बघितला. चीर उलली, भळाभळा रक्त. परत आमच्या बाकड्यावर, आणि परत तेच, दोरा कशाचा! माझं टाळकं फिरलं. पण बोलल्या त्या कमलाक्का, अगदी हळू.

"तीन बाळंतपणांत मला टाके पडले. दोरा कशाचा, तवा इचारलासा का?"

 मी खाली बघितलं. तिन्ही खेपेला आतड्याचा दोरा मीच काढून दिलता.

अण्णांनी हात टेबलावर ठेवला.

"घाला टाके," डॉक्टरांना म्हणाले. "आणि कमला, आज कलश तू घाल."

कमलाक्कांनी पदर खोचला आणि त्यांची वाट न बघता बस्तीकडं निघाल्या.