ज्याचं त्याचं बस्कर

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. एकोणीसशे सत्तरनंतरच्या त्या पहिल्या वर्षांत तर तो नाकाच्या शेंड्यावरच असायचा. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही नाशिकहून सुरतेला आलो होतो आणि मला लिंबायतच्या मराठी शाळेत पहिलीचा वर्ग मिळाला होता. पटावर सदतीस मुलं, जवळजवळ सगळी खानदेशातून आलेल्या लूम कामगारांची. बाहेर लूमचा खडखडाट आणि आत माझा.

जूनमध्ये एक आई नऊ वर्षांच्या मुलीला हाताला धरून आली. मुलगी ठेंगणी, गोल चेहऱ्याची, डोळे किंचित तिरपे, जिभेचं टोक ओठांवर. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला ‘मंगोल’ म्हटलं होतं. तेव्हा तसंच म्हणत. डाऊन सिंड्रोम हे नाव मी पुष्कळ वर्षांनी ऐकलं. दोन शाळांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं.

“मी बॉबिन भराले जास, बाई,” आई म्हणाली. “हाई पोरले घरमा कोंडीसन जानं पडस. तुमना डोयासमोर बसू द्या.”

पोरीला कोंडून जावं लागतं हे ऐकलं आणि मी अडतिसावं नाव लिहून टाकलं. हेडमास्तरांना नंतर सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

“बाई, एप्रिलात साहेब तपासणीला येतील. तोवर हिला काही आलं नाही, तर नाव कमी करायचं. कबूल?”

“कबूल,” मी तावातावाने म्हणाले. कशाच्या जोरावर, ते देव जाणे.

आमच्या काळी शिकवणं म्हणजे घोकणं. मी म्हणायचं, अडतीस जणांनी माझ्यामागून ओरडायचं. ही ओरडायची नाही. सगळ्यांची तोंडं बघत हसत बसायची. पाटीवर ‘ग’ गिरवायला दिला की रेघोट्या ओढायची. गणपतीपर्यंत एक अक्षर येईना. एक दिवस माझा तोल गेला आणि मी तिच्या हातावर पट्टी मारली. ती रडली नाही. माझ्याकडे पाठ करून बसली, ती शाळा सुटेपर्यंत. हट्टाला हट्ट भेटला होता. त्या दिवशी घरी जाताना मला माझीच लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

मुलं फरशीवर बसायची, ज्याची त्याची बस्करं घेऊन. कुणाचं गोणपाटाचं, कुणाचं लुगड्याच्या घडीचं, बहुतेकांची लूमवरच्या चिंध्या जोडून शिवलेली. रात्री ती कोपऱ्यात ढिगाने पडलेली असायची आणि सकाळी त्यांच्यावरून अशी मारामारी व्हायची की माझा पहिला अर्धा तास त्यातच जायचा. एका सकाळी मी दारात पोचले तर वर्ग शांत. ही ढिगातून एकेक बस्कर काढत होती, नीट बघत होती, आणि ज्याच्या त्याच्या जागेवर नेऊन अंथरत होती. अडतीसच्या अडतीस. एकही चुकलं नाही. मला स्वतःला त्यातली दहासुद्धा ओळखता आली नसती.

म्हणजे पोर माठ नव्हती. माठ मी होते. हिचं शिकणं डोळ्यांतून आणि हातांतून होतं, आणि मी तीन महिने तिच्या कानाशी भुंकत होते.

मी कामाला लागले. प्रत्येक बस्करावर जाड दोऱ्याने त्या मुलाचं नाव शिवलं. बोटं सोलून निघाली. मुलांनी हट्ट केला म्हणून माझ्या खुर्चीवरच्या गादीवरही माझं नाव शिवलं. ती रोज अंथरताना नावावरून बोट फिरवायची आणि मी नाव म्हणायचे. ‘ग’ सुटा दाखवला तर तेव्हाही तिला कळला नसता, पण दिवाळीनंतर ती अख्खं नाव ओळखायला लागली. जो आला नसेल त्याचं बस्कर उचलून ती माझ्या टेबलावर आणून ठेवायची. त्या ढिगावरून मी हजेरी भरायचे. संक्रांतीपर्यंत मी तिचा शब्द तपासणंही सोडून दिलं होतं.

साहेब आले ते नेमके आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर. आखाजीला खानदेशी माणूस सुरतेत थांबत नाही. भुसावळची गाडी भरभरून जाते. त्या सकाळी माझ्या टेबलावर अकरा बस्करं होती.

हेडमास्तर घामाघूम होऊन आले. “बाई, हजेरी इतकी कमी दिसली तर एक शिक्षक कमी करतील.” त्यांनी तिसरीतली अकरा मुलं आणली, टेबलावरची बस्करं मोकळ्या जागांवर अंथरून त्यांना बसवलं. असं सगळीकडेच चालायचं. मीसुद्धा निमूटपणे अडतीस हजर लिहिले. “आणि तिला घरी पाठवा,” ते म्हणाले. तेवढं मात्र मी ऐकलं नाही. ती नावं वाचून दाखवणार होती. खोटी हजेरी आणि ही पोर एकाच खोलीत आहेत, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

साहेब गुजराती, उंच, कमी बोलणारे. त्यांनी हजेरीपट पाहिला. “आडत्रीस. बधा हाजर. सारुं!” सगळे हजर, छान.

त्याच क्षणी तिने माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला. ती दुसऱ्या रांगेत गेली आणि एका दांडग्या पोराच्या खालून बस्कर ओढलं. पोरगा कलंडला. “यानं नई!” ती म्हणाली, याचं नाही, आणि ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मग पुढचं. कुणी तिला अडवायच्या आत अकरा बस्करं टेबलावर आणि अकरा पोरं भिंतीशी उभी.

“साहेब, एनुं मगज ओछुं छे,” हेडमास्तर घाईघाईने म्हणाले. तिला अक्कल कमी आहे.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. “बेन?”

नुसती मान हलवायची होती. शाळा वाचली असती, मी वाचले असते. आणि तिचं नाव त्याच दुपारी कापलं गेलं असतं, माझ्याच साक्षीने. ती माझ्याकडे बघत होती. काम चोख झालं की बघायची, तशीच.

“साहेब, तिचं बरोबर आहे,” मी म्हणाले. “ही मुलं तिसरीतली आहेत. आमची अकरा गावी गेलीत. हजेरी मी खोटी भरली. वर्गात खरी हजेरी घेणारी ती एकटीच आहे.”

साहेबांनी बस्करं खालीवर करून एक तिच्यापुढे धरलं. तिने बोट फिरवलं आणि जड जिभेने नाव सांगितलं. दुसरं धरलं, तेही सांगितलं. सहा झाल्यावर ते थांबले. शेरेबुकात त्यांनी बराच वेळ लिहिलं. खोट्या हजेरीचा ठपका माझ्यावर आला, तो योग्यच होता. आणि शेवटी ते हेडमास्तरांना म्हणाले, “आ छोकरीनुं नाम रहेशे.” नाव राहणार.

जूनमध्ये माझी बदली भेस्तानच्या शाळेत झाली. मला कुणाबद्दल तक्रार नव्हती, पण जीव तुटत होता.

महिन्याभराने जुने हेडमास्तर कचेरीत भेटले. “बाई, तुमची ती पोरगी नव्या बाईंना खुर्चीवर बसू देत नाही हो. रोज सकाळी तुमची गादी काढून टेबलावर ठेवते.”

टेबलावर. म्हणजे ती रोज माझी गैरहजेरी लावत होती. तिथेच, कारकुनांच्या देखत, मला रडू फुटलं.

पण रडून तिची पहिली-दुसरी पार पडणार नव्हती. नव्या बाईंशी तिचं जमलं नसतं, तर साहेबांचा शेरा काही जन्मभर पुरला नसता. मी एक नवी गादी शिवली, नव्या बाईंच्या नावाची, आणि रजा टाकून लिंबायतला गेले. मला बघून ती धावत आली नाही. टेबलावरून आधी माझी गादी घेऊन आली. मी नवी तिच्या हातात दिली, तिचं बोट धरून नावावरून फिरवलं, नव्या बाईंकडे दाखवलं. तीनदा, चारदा. शेवटी तिने ते नाव उच्चारलं आणि गादी खुर्चीवर ठेवली.

मग माझी जुनी गादी तिने खाली, तिच्या बस्कराला लागून अंथरली आणि माझा पदर ओढला. नव्या बाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली होती. मी मांडी घालून बसले.