लोखंडी मांडवातला गड्डा

अन्याय माझ्या मायवर झाला. होळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी, अंगणातला सडा अजून ओला होता तेव्हा. तिच्या दारातला मांडव पाडला गेला. पाडणारा जंगलाचा गार्ड होता, सोबत त्याची दोन माणसं होती, आणि बांबू वाहून नेणारी बैलगाडी आमच्याच गल्लीतली होती.

हे पत्रक असतं तर यापुढे मी मागण्या लिहिल्या असत्या. एक, दोन, तीन. पण त्या सोमवारी मी काहीच लिहिलं नाही. संघटनेकडून दुसऱ्यांच्या बांबूंसाठी पत्रकं लिहून लिहून, स्टॅन्डावर वाटून वाटून आणि मोर्चात ओरडून ओरडून माझा घसा आणि हात दोन्ही बसले होते. तालुक्याहून पहिल्या एस.टी.नं मी त्याच दिवशी घरी परतले होते, तीन रात्रींची झोप बाकी होती. बॅग खांद्यावरच होती आणि समोर हे.

आमचं गाव गोंडपिपरीच्या पुढे, जंगलाला टेकून. उन्हाळा लागला की इथं दारोदारी मांडव पडतो. बांबूचे खांब, वर आडवे बांबू, त्यावर ऐनाचा नाहीतर जांभळाचा पाला. चार महिने माणसं त्याच्याच खाली जेवतात, झोपतात, मोह निवडतात. पत्र्याची, कौलांची घरं दुपारी भट्टी होतात, मांडवाखाली मात्र जीव राहतो. पण त्या वर्षीचा मांडव नुसता उन्हाचा नव्हता. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न वैशाखात ठरलं होतं.

आमच्यात जुन्या रीतीनं लग्न नवरदेवाच्या दारी लागतं. मायनं ते मागून घेतलं होतं. बाबा गेल्यावर तिच्या दारी कोणतंच शुभकार्य झालं नव्हतं, मी तर लग्नाचं नावच काढत नव्हते. सोयरिकीच्या बैठकीत ती म्हणाली, "एक लगन माह्या दारी होऊ द्या. मग मी काई मागत नाई." नवरदेवाचा मोठा मामा त्यांच्याकडचा कर्ता माणूस. तो म्हणाला, "तुह्या दारी मांडव उभा असला तर तुह्या दारी. नसला तर आमच्या दारी. अक्षता पडायच्या दिवशी धावपळ नोको." एवढंच ठरलं होतं. मांडव राहिला तर लग्न मायच्या दारी, नाही राहिला तर पोरगी गाडीत बसून जाणार.

म्हणून तिनं होळी होताच घाई केली. आमच्याच बांधावरच्या बेटातले बांबू तोडले. तिनंच लावलेलं बेट ते.

"पास दाखव," गार्ड म्हणाला.

"माह्या वावरातले बांबू आहेत, भाऊ. पास कायचा?"

"बांबू कुठलाबी असो, बाई, पास लागते. मले वरून ऑर्डर हाय. मी काय हौसेनं करून राह्यलो?"

मी मध्ये पडले, कायदा बोलले, आवाज चढवला. तो माझ्याकडे पाहून हसला. "तुम्ही मोर्चावाल्या ना? तुमचं ऑफिसात बोला, मॅडम."

खांब एकेक उपसले. गाडी भरेपर्यंत बैलांनी मांडवाचा पाला खाल्ला. गल्लीत प्रत्येक दारात माणूस होता. कोणी दातून करत होतं, कोणी पोराला न्हाऊ घालत होतं. सगळ्यांनी पाहिलं. उंबऱ्याबाहेर पाय कोणी टाकला नाही. त्याच रस्त्यावरून रोज बांबूंचे ट्रक भरभरून जातात, ते कोणी अडवत नाही. त्या बांबूंचा कागद होतो, आणि आमची पत्रकंही त्याच कागदावर छापली जातात हे मला माहीत होतं. त्या दिवशी त्याचा विचार करायचंही त्राण नव्हतं.

गाडी गेल्यावर माय खांबांच्या गड्ड्यांजवळ बसली. गड्ड्यातली माती चाचपत म्हणाली, "आता असा मांडव टाक, का कोणाले उपटताच नाई आला पायजे."

बहीण लगेच बोलली. ती ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या वसाहतीत, मावशीकडे राहून आली होती. तिथल्या क्वार्टरांपुढे तिनं लोखंडी पोर्च पाहिला होता, वर गोल छपराचा. "वर पत्रा, कमानीसारखा वाकलेला. निळा. असा भारी दिसते ना!"

मी लढू म्हणाले असते. अर्ज करू, जंगलखात्याच्या रेंज ऑफिसपुढे बसू. पण वैशाख दारात होता आणि अर्जाचं उत्तर पावसाळ्यात आलं असतं. बांबूला पास लागतो, लोखंडाला लागत नाही. जे आपल्या बांधावर उगवतं ते तोडणं चोरी ठरतं, आणि जे ट्रकनं लांबून येतं त्याला कोणी विचारत नाही. मी थकले होते. लोखंड तर लोखंड, म्हटलं.

लग्नासाठी राखलेल्या बकऱ्या पत्र्यात गेल्या.

वेल्डिंगवाले चाचा गोंडपिपरीचे. त्यांच्या घराण्यात आधी बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे, मग ट्रॅक्टर आले तसे ते ग्रील-गेटाकडे वळले. मोठा बोलघेवडा माणूस. आल्या आल्या अंगण पावलांनी मोजलं आणि मायला म्हणाले, "बाई, गोल छप्पर म्हणजे एकदम बढिया काम. आंधी आली तं वरून निघून जाते. आन माकड बसलं तं घसरून खाली पडते."

"पडलं आन माह्या अंगावर पडलं तं?" माय म्हणाली.

"तं त्याले चाय पाजा, बाई. पाहुणा हाय."

किती दिवसांनी माय हसली होती.

पाइप वाकवायचं काम मी ओट्यावर बसून पाहायची. सरळ पाइपात कोरडी रेती ठासून भरायची, दोन्ही तोंडं लाकडाच्या खुट्यांनी बंद करायची, मग मधोमध तापवून हळूहळू ओढत वाकवायचा. रेती नसली तर पाइप पिचकतो. वाकवण्यासाठी चाचांनी अंगणातलं मोहाचं जुनं खोड निवडलं. बाबांच्या वेळी वाऱ्यानं पडलेल्या झाडाचं खोड. त्याला पाइप टेकवून ओढला की लाकूड जळाल्याचा वास यायचा, गोडसर. सगळ्या कमानी त्याच खोडाच्या अंगावर वाकल्या, म्हणून सगळ्यांचा बाक एकसारखा आला. खोडाला काळे पट्टे पडले.

काम रखडलं ते लाइटमुळे. आमच्या जिल्ह्यात एवढं मोठं वीज केंद्र, त्याच्या चिमण्यांची राख आमच्या छातीत, आणि आमच्या गावात लाइट येणार कधी हे कोणालाच माहीत नसायचं. लाइट आली की चाचा जेवण अर्धवट टाकून मशीनकडे धावायचे. मशीन सुरू झाली की गल्लीतले बल्ब मिणमिणायचे. आणि मग लोक बाहेर यायचे.

"ओ बाई! तुमच्या मशीननं आमचा टीव्ही आखडून राह्यला!"

"सिरियल सुरू हाय, चाचा, अर्धा घंटा थांबा ना!"

"काऊन थांबू? लाइट गेली तं तुमची सिरियल बी गेली आन माहं काम बी गेलं."

मी ओट्यावरून पाहत होते. तीच माणसं. बांबू उपसताना उंबऱ्यात उभी होती ती. टीव्हीसाठी मात्र धावत रस्त्यावर येत होती, हातवारे करत, एकमेकांना बोलावत. म्हणजे यांना बाहेर येता येतं. पायात काही बिघाड नाही. मला एकेकाला धरून विचारायचं होतं. विचारलं नाही. मायला त्यांना लग्नाला बोलवायचं होतं.

संघटनेतले सोबती एकदा येऊन गेले. एकानं खांबावर टकटक करून पाहिलं. "आपण बांबूसाठी भांडून राह्यलो आन हिच्या घरी टाटा-बिर्ला," तो म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. त्यांना चहा केला, उरलेली पत्रकं दिली आणि या वेळी मी वाटायला येत नाही म्हणून सांगितलं.

मांडव झाला. निळा पत्रा, खाली वाकलेल्या कमानी, कडेला चाचांनी स्वतःच्या मनानं जोडलेली लोखंडी फुलं. खांब सिमेंटात रोवले होते. मग बहीण म्हणाली, पाहुण्यांचे पाय धुळीत कशाला, सगळं अंगणच पक्कं करू. मायला पटलं. खाली सिमेंटचा कोबा झाला. माय सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारायची, वाटेल तेव्हा हात फिरवायची. शेणानं सारवलेल्या अंगणावर तिला कधी इतका हात फिरवताना पाहिलं नव्हतं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात नवरदेवाचा मोठा मामा पाहणीला आला. खुर्चीवर बसला नाही, कोब्यावरच मांडी घातली. वर पाहिलं. "छप्पर झकास झालं, बाई. याले कोणी हात नाई लावत." चाचा शेवटचा रंग मारत होते, त्यांनी ब्रशनंच सलाम ठोकला.

मग मामा खाली पाहायला लागला. डावीकडे, उजवीकडे, मधोमध.

"मेढ कुठी रोवता?"

आम्हीही खाली पाहिलं. आमच्या लग्नात मांडवाच्या मधोमध मोहाची हिरवी फांदी, तीच मेढ, मातीत रोवतात आणि नवरा-नवरी तिच्याभोवती फेरे घेतात. हे गावातल्या लेकरालाही माहीत असतं. मायला माहीत, मला माहीत, बहिणीला माहीत. पण बांबूच्या मांडवात मेढीची आठवण कोणाला ठेवावी लागत नाही, खाली जमीन असतेच. आम्ही सगळ्यांनी मिळून, आनंदानं, पाणी मारमारून, ती जमीन बंद केली होती.

चाचाच पहिले बोलले. "अरे, त्यात काय! पाइपाचा तुकडा उभा वेल्ड करून देतो. त्यात फांदी बसवा. हलणार नाई."

"फांदीले माती लागते, भाऊ," मामा म्हणाला. "गुलदस्ता नोको बनवू."

बहीण खुदकन हसली आणि लगेच तोंडावर ओढणी घेऊन आत गेली. मामा वाईट माणूस नव्हता. त्यानं हळूच सांगितलं, "बाई, राग नोको मानू. आमच्या अंगणात माती हाय. तिकडंच करू."

माय उठली. घरामागून सब्बल, लोखंडी पहार, घेऊन आली. मांडवाच्या मधोमध उभी राहिली, पदर खोचला आणि घाव घातला.

पत्र्याखाली तो आवाज असा घुमला की पुन्हा गल्ली बाहेर आली. "काय झालं? काय फुटलं?" मी सब्बल मागितली, तिनं दिली नाही. चाचा म्हणाले, "बाई, मी कटरनं गोल कापून देतो, फिनिशिंग येईल." तिनं ऐकलंच नाही. कोबा अजून पूर्ण मुरलेला नव्हता, तरी फुटायला वेळ लागला. तडा एका खांबापर्यंत गेला. मग खालची काळी माती दिसली आणि तिनं हातानं उकरली, कोपरापर्यंत. मामानं आपला हात त्यात घालून पाहिला.

"पुरते," तो म्हणाला. "लगन इथंच."

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी फांदी आणायला माय बांधावरच्या मोहाकडे गेली. मी मागे होते. हिरवी, पालेदार फांदी खांद्यावर टाकून ती भर रस्त्यातून आली. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर तोच गार्ड बसला होता. फांदी आता गेली, म्हटलं. गड्डा तसाच राहील, मामा पोरीला घेऊन जाईल, आणि मी पुन्हा कायदा बोलेन.

त्यानं बशीतून चहा ओढला, फांदीकडे पाहिलं आणि म्हणाला, "एकच हाय ना? न्या, न्या."

माय थांबली नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. टपरीवरची बाकीची माणसं मात्र मान हलवून म्हणाली, "चांगला हाय साहेब." चांगला! आमच्या झाडाची आमची फांदी त्यानं आम्हाला सोडली म्हणून चांगला. इतक्या वर्षांच्या पत्रकांमधून मला जे सांगायचं होतं ते सगळं त्या एका शब्दानं पुसून टाकलं. फांदीचं मागचं टोक रस्त्यावर घासत होतं, ते उचलून धरलं आणि मायच्या मागे चालत राहिले.

लग्न मायच्या दारी लागलं. गल्ली जेवून गेली. टीव्हीसाठी ओरडणाऱ्या बाईनं मोठं पातेलं दिलं, बैलगाडीवाल्यानं पाण्याचे ड्रम आणून दिले. दोघांनीही त्या सोमवारचा विषय काढला नाही.

पुढचा उन्हाळा खरा हिशेब घेऊन आला. पत्रा असा तापायचा की दुपारी त्याखाली कुत्रंही बसेना. मायनं वर पाला टाकून पाहिला. गोल छप्पर, पाला घसरून खाली. पुन्हा टाकला, पुन्हा खाली. माकडांसाठी केलेली सोय पाल्याला लागली. मेढीची फांदी तर केव्हाच वाळून गेली होती, तिचा बुंधा मायनं तसाच ठेवला. संध्याकाळी कोबा निवला की ती त्या गड्ड्याशेजारी बसते, पाय मातीवर टेकवून. मी बुजवू का म्हणून विचारलं होतं. "राहू दे," म्हणाली. "इथी थंड लागते."

मी अजून पत्रकं लिहिते, आधीपेक्षा कमी. अधिकाऱ्यांकडे मागायच्या मागण्या त्यांत असतातच. ही एक तुमच्याकडे आहे, कारण दारात उभे असलेले तुम्हीच होता, किंवा तुमच्यासारखेच कोणी.

होळी झाली की पुन्हा कोणाच्या तरी अंगणात मांडव उपसायला येतील. त्यांना गाडी देऊ नका. तोंडातलं दातून थुंका आणि उंबऱ्याबाहेर या, टीव्ही आखडल्यावर येता तसे. त्या अंगणात जा आणि एक खांब दोन्ही हातांनी धरून उभे राहा. कायदा बोलता आला नाही तर बोलू नका. खांब सोडू नका.