अठरा एमएमचा प्लाय

"वर्षा, इथं सही कर," इंजिनियर साहेब म्हणाले.

कागद इंग्रजीत होता. मी आठवी शिकली. इंग्रजी अक्षरं ओळखते, पण पूर्ण वाचता येत नाही. मी विचारलं, काय लिहिलं हाय साहेब?

"यही, की टांका कच्चा रह गया. गलती तुम्हारी है."

मी सही नाही केली. कागद तसाच वापस सरकवला.

आमचा कारखाना म्हणजे बालाघाटात दोन खोल्या अन् एक ओसरी. कम्प्युटरवर विमान चालवायचं एक सॉफ्टवेअर असते, त्याले सिम्युलेटर म्हणतात. काही शौकीन लोक घरच्याच एका खोलीत पायलटची पुरी केबिन बनवतात, त्याले कॉकपिट म्हणतात. त्याइच्यासाठी आम्ही बटनं अन् दांडे बनवतो. माह्याकडं गियर लिव्हर, म्हणजे विमानाची चाकं खाली-वर करायचा दांडा. मागून वायर जोडायची, सोल्डरिंगचा टाका मारायचा, चालवून पाहायचं, डब्यात भरायचं. माही पोरगी दीड वर्षाची हाय. ती ओसरीत चटईवर खेळते, मालक काही म्हणत नाहीत. असं काम मले दुसरं कुठी भेटन? मायले बैहरच्या जंगलात बिडीचा तेंदूपत्ता तोडताना पाह्यलं हाय मी. हे काम गेलं तं मलेही तेच, म्हणून जीव घाबरे.

सात लिव्हर वापस आलते. सातहीच्या वायरी तुटलेल्या. साहेबांनी ते पाह्यले बी नाही, सरळ कागद टाइप करून आणला. वरून म्हणतात, "ध्यान पोरीकडं असते तुहं."

पोरीचं नाव काढलं अन् माहं डोकंच फिरलं. मी एकेक टाका ओढून पाहते, मंगच डबा बंद करते! एक लिव्हर उचलला अन् खिडकीजवळ नेला. टाका जागेवरच होता. वायर त्याच्या पुढं तुटलती, ओढल्यावानी. अन् नट फिरते त्या आट्याइत भुसा भरलेला. माहा नवरा सुतार हाय, त्याच्या शर्टातून रोज तोच भुसा झटकते मी.

"साहेब, लोक हे प्लायमधी बसवून राह्यले."

"तो क्या हुआ?"

"तुम्ही आपल्या लोखंडी स्टँडवर लावून पाहता. तो तीन एमएमचा पत्रा. प्लाय अठराचा असते. आटे एवढुसे, पल्याड निघतच नाहीत, मंग नट पकडन कशाले?"

"आता तू मले डिझाइन शिकवशील?"

आवाज ऐकून मालक आतून आले. मले रडू येऊन राह्यलं होतं, पण रागानं बोलतच सुटली. म्हणलं, भैयाजी, कोणत्याही एका ग्राहकाले फोन लावा, मंग मले काढा.

मालकांनी भोपाळच्या एका रिटायर काकांले व्हिडिओ कॉल लावला. काकांनी फोन फिरवून कॉकपिट दाखवलं. खाली, वर, बाजूले, सगळा प्लाय.

"बेटी, पीछे से छेनी मार-मारके गड्ढा किया, तब कहीं नट चढ़ा," काका म्हणाले. "और वायर इतनी छोटी! कंप्यूटर वाले कार्ड तक पहुँची ही नहीं. मैंने खींची, टूट गई."

मालकांनी फोन ठेवला.

"ड्रॉइंगमधी वायर किती हाय?"

"सहा इंच," साहेब म्हणाले.

"वर्षानं किती लावली?"

"सहा इंच."

"मंग सही कोण करन?"

साहेब कागदाची घडी कराले लागले. मी म्हणलं, "पेन देऊ का साहेब?" माह्या तोंडातून कसं निघालं, मलेच समजलं नाही. मालक हासले. मले हासू नाही आलं. तिकडं पोरगी उठून रडत होती, मी ओसरीत गेली.

नव्या लिव्हरचे आटे लांब हायत, वायर दोन हात. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात नाव साहेबांचंच. सॉरी कोणी म्हणलं नाही, पण काम राह्यलं. सहा महिने झाले, वायर तुटली म्हणून एकही डबा वापस नाही आला.

सामान ज्याच्या घरी जाणार, त्याले आधी विचारून घ्या, बाबा कशात बसवशील? पाच मिनिटं लागतात. इंग्रजी कागद टाइप कराले त्याच्याहून जास्त लागतात.