कोंडलेला ओझोन

ओझोनचा वास मला मुंबईजवळच्या तुळिंजमध्ये कळला. झेरॉक्सच्या दुकानात तो पुसट येतो. त्या दुपारी एका दवाखान्याच्या आतल्या खोलीत तो नाकाला झोंबला, आणि ते प्रकरण अजून मनातून गेलेले नाही.

दोन हजार सालानंतरची ती वर्षे. मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. ठाणे अंमलदाराला फोन आला की डॉक्टरने रुग्णाला विषारी इंजेक्शन दिले असून लोक दवाखाना फोडण्याच्या बेतात आहेत. आम्ही पोहोचलो तेव्हा रुग्णाला रिक्षाने सरकारी रुग्णालयात हलवले होते. जमाव पांगवला आणि डॉक्टरला ठाण्यात आणले.

रुग्ण भुईगावचा केळीबागायतदार. मधुमेहामुळे पायाची जखम चिघळलेली. पाय कापावा लागेल, असे त्याला दुसरीकडे सांगितले होते. या दवाखान्यात पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून तीत ओझोन सोडत. जखम सुकू लागली होती. त्या दिवशी मात्र तो खोलीत धापा टाकत कोसळलेला सापडला.

वायू शिरेत सोडला, अशी त्याच्या पुतण्याची तक्रार होती. रुग्णाच्या हातावर सुईची खूणही होती. ती साखर तपासायला रक्त घेतल्याची, असे डॉक्टर म्हणाला. त्याची पदवी खरी होती. उलटसुलट विचारले तरी उत्तर बदलले नाही. खिडकी उघडी आणि बाहेर हवा फेकणारा पंखा चालू ठेवून तो दुसरे रुग्ण बघायला गेला होता, एवढेच तो सांगत होता.

"मग काका काय खिडकीतल्या वाऱ्याने पडले?" पुतण्या म्हणाला.

तेवढ्यात सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. ओझोन जंतू मारतो म्हणून काही जण तो जखमेला वापरतात, त्याचा उपयोग होत असेलही, पण पुरावा अजून अपुरा आहे, असे त्यांनी सांगितले. तोच वायू श्वासात गेला तर फुप्फुसांना सूज येते. शिरेत गेला तर माणूस दगावू शकतो. शिरेत गेला असेल तर रुग्णाला मुंबईला हलवणे भाग होते, आणि त्या अवस्थेत तो प्रवासच जिवावर बेतला असता. "अंदाज नको, साहेब. खात्री करून सांगा," त्या म्हणाल्या.

मी पंचनाम्यासाठी परत त्या खोलीत गेलो. खिडकी बंद होती. पंख्याचे बटणही बंद. खिडकीच्या फटीत सोपट, म्हणजे केळीच्या खोडाचे वाळके पापुद्रे, घट्ट कोंबलेले होते. दाराशी केळ्यांची टोपली होती, तिच्यातही तेच सोपट. डॉक्टरला घरची केळी द्यायची बागायतदारांची रीत मला ठाऊक होती. पूर्वी एका चोरीच्या तपासात त्यांची केळी पिकवायची खोलीही पाहिली होती. आत धूर करतात आणि तो निसटू नये म्हणून प्रत्येक फट बुजवतात.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात रुग्णाची बायको बसली होती. पुतण्या आणि भावकीतले चौघे तिच्याभोवती उभे होते. मी आवाज न चढवता विचारले, "मावशी, खोली कोणी बंद केली?"

ती वॉर्डाच्या दाराकडे बघत म्हणाली,

"मीच केली, सायेब. धूर कोंडल्याबिगर केळी पिकत नाय. डॉक्टर तर खिडकी उघडी टाकून जायचा. म्हटलं, अर्धं औषद बाहेर चाललंय."

"आणि पिशवी?"

"तीपन मीच सोडली. त्याच्या बोर्डावर दमा लिवलाय. यांना दमा हाय. म्हटलं, छातीलापन लागू दे. मग दार लावून बाहेर बसले."

भावकीतला एक जण काही बोलणार होता. त्याच्याकडे न बघताच ती म्हणाली, "आधी मानूस वाचू दे. मग मला काय बोलायचं ते बोला."

डॉक्टरीणबाईंनी मुंबईला हलवायचे रद्द केले आणि ऑक्सिजनवर ठेवून तिथेच उपचार केले. माणूस वाचला. पुढे पायही राहिला. तो इन्सुलिनने राहिला, नीट ड्रेसिंगने की ओझोनने, हे त्या छातीठोक सांगायला तयार नव्हत्या. विषाचा आरोप टिकला नाही. रुग्णाला एकटे सोडल्याबद्दल डॉक्टरवर हलगर्जीपणाचा गुन्हा मात्र नोंदवला. त्याने जबाबात चूक मान्य केली.

खरे बोलून नुकसानच होईल, हे ठाऊक असताना ती बाई बोलली. इतक्या वर्षांच्या नोकरीत कबुलीजबाब मी पुष्कळ घेतले. हा मात्र तिने स्वतः दिला. त्या डॉक्टरीणबाईंचाही मी ऋणी आहे. आपल्याला जे ठाऊक नाही, ते ठाऊक नाही असे त्यांनी स्पष्ट सांगितले, म्हणूनच मी त्या खोलीत परत गेलो.

काही दिवसांनी मावशी केळी घेऊन ठाण्यात आल्या. धुराची का, असे मी विचारले.

"धुराचीच," त्या म्हणाल्या. "पन या खेपेला खोलीत फक्त केळीच ठेवली होती, सायेब."

त्याच आठवड्यात गस्तीवर असताना दवाखान्याचा बोर्ड पाहिला. 'दमा' या शब्दावर पांढरा रंग फासला होता. आतल्या खोलीच्या खिडकीची दारे काढून नुसते गज बसवले होते, म्हणजे ती आता बंदच होणार नव्हती.