फळीवरचा पियानो

परभणी जिल्ह्यात पियानोवर माझ्या साडूइतकी मेहनत घेतलेला दुसरा माणूस नाही, हे मी कुणापुढेही छातीठोकपणे सांगेन. फक्त 'ऐकायला कसा वाटतो' असं कुणी विचारू नये. गंगाखेडला पाटबंधारे खात्यात कारकुनी करणाऱ्या या गृहस्थानं निवृत्तीच्या वर्षात मोबाईलवर कुणाला तरी पियानो वाजवताना पाहिलं आणि त्या वाद्यानं त्याला झपाटलं. दोन मुली शिकायला पुण्यात, त्यामुळे पियानोच काय, त्याचं झाकण घ्यायचीही ऐपत नव्हती. गावात मास्तर मिळणं तर त्याहून कठीण. मग त्यानं मोडक्या पलंगाची फळी काढली, फाटकाला लावून उरलेल्या रंगानं तिच्यावर पांढऱ्या-काळ्या पट्ट्या रंगवल्या आणि मोबाईललाच गुरू केलं.

फळीतून आवाज येत नाही ही अडचण त्याला कधी वाटलीच नाही. आवाज तो तोंडानं पुरवायचा. "आवाजाचं काय घेऊन बसलाव साडू, आधी बोटं तयार व्हायला पाह्यजेत," असं मलाच ऐकवायचा. लाईट गेली की त्याला चेव यायचा, कारण विजेवरची वाद्यं तेव्हा गपगार आणि याची फळी चालूच. घरी आलेल्या पाहुण्याला चहाआधी मैफल सोसावी लागे. एकदा मी डोळे मिटून "वा वा" म्हणालो, तर हात थांबवून म्हणाला, "हितं तर चुकलो मी. तुमचं ध्यान कुठं हाय?" त्याची बायको, म्हणजे माझी मोठी मेहुणी, आतून पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "लोकायचे नवरे रिटायर होऊन देवाला लागतेत, आमचे हे फळीला लागलेत."

हे सगळं चाललं होतं स्वतःच्या निरोप समारंभात वाजवून दाखवण्यासाठी. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांचे निरोप पाहिले होते. शाल, नारळ, 'अत्यंत मनमिळाऊ' असं भाषण, आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीवर दुसराच माणूस. "भाषण चहासंगं विसरतेत लोक. मला तसं विसरलेलं न्हाई चालायचं," तो मला म्हणाला. हे म्हणताना तो हसत नव्हता.

समारंभाला ऑफिसच्या मंडळींनी एका बँडवाल्याचा कीबोर्ड हौसेनं मागून आणला. साडू नव्या सफारीत बसला, बोटं ठेवली, आणि जे काही निघालं ते ऐकून साहेब वर पंख्याकडे बघायला लागले. झालं होतं असं की फळी भरेल अशा ऐसपैस पट्ट्या यानं रंगवल्या होत्या. खऱ्या पट्ट्या अंगानं बारीक, त्यामुळे प्रत्येक बोट भलतीकडेच पडत होतं. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. मागच्या रांगेत हसू फुटलं. तेव्हा त्यानं कीबोर्ड बाजूला सारला आणि समोरच्या टेबलावरच ती वर्षभर घोटलेली चाल वाजवायला घेतली. तोंडानं सूर द्यायला गेला, तर सूरच फुटेना. सभागृहात नुसता बोटांचा टकटक आवाज. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि पहिल्या रांगेत बसलेली माझी मेहुणी त्याच्या बोटांकडे बघत गुणगुणू लागली. वर्षभर ऐकून ऐकून कोणत्या बोटाला कोणता सूर, हे तिला पाठ झालं होतं. तो थबकला की ती थांबायची, तो पुढं गेला की तीही जायची. मागच्या रांगेतले माना उंचावून बघायला लागले. शेवटच्या सुराला त्याचं बोट टेबलावर टेकलं ते त्यानं उचललंच नाही; उचललं की नोकरी संपली. तिनंही तो सूर श्वास पुरेल तितका वेळ धरून ठेवला.