गच्चीवरचं गोड पाणी

घरातल्या गोष्टी बाहेर सांगायच्या नाहीत, असं आईने बजावलंय. पण आमच्या प्लांटचे किस्से इतके साचलेत की अभ्यासात लक्षच लागत नाही.

गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत बोअरिंगचं पाणी खारट. बाबा सरकारी खात्यात इंजिनिअर. त्यांनी सगळ्यांना पटवून गच्चीवर तिरक्या काचेच्या पेट्या बसवल्या. उन्हाने आतल्या खाऱ्या पाण्याची वाफ होते आणि काचेच्या आतून गोड पाणी ओघळतं. हाच आमचा प्लांट. वीज लागत नाही, हे बाबा लिफ्टमध्येसुद्धा ऐकवायचे.

*

पहिल्याच आठवड्यात पाणी निम्म्यावर आलं. बाबांनी पाइप उघडले, सील बदलली, काही सापडेना. रविवारी ते घरी होते, दुपारी वर गेले तेव्हा कळलं. शेजारच्या भल्ला आंटी रोज दुपारी काचेवर लोणच्याच्या बरण्या मांडायच्या!

"भाईसाहब, इतनी अच्छी धूप और कहाँ मिलेगी?"

*

मग धूळ. रोज काच धुवावी लागे, आणि खाऱ्या पाण्याने डाग पडत. म्हणून बाबा गोड पाणी वापरायचे. संध्याकाळी टाकी जवळजवळ रिकामी.

आई म्हणाली, "म्हणजे हा प्लांट दिवसभर स्वतःच्याच आंघोळीचं पाणी काढतो."

*

नोव्हेंबरात प्रदूषणामुळे शाळा बंद झाल्या. धुरकट उन्हात प्लांटने जेमतेम कपभर पाणी दिलं. सोसायटीचे सेक्रेटरी भल्ला अंकल गंभीरपणे म्हणाले, "छुट्टी का ऑर्डर इसको भी आया है क्या?"

*

पेट्यांत उरलेलं जास्तच खारट पाणी बाबा खाली फुलझाडांच्या वाफ्यात ओतत. मार्चमध्ये आईचा मोगरा करपला.

"तुमचा प्लांट पर्यावरणाला फार चांगला," ती म्हणाली, "फक्त झाडं सोडून."

ते पाणी पराती मांडून गच्चीवरच वाळवा, मीठ गोळा करा, असं तिने सुचवलं. बाबा हसले. "हा प्लांट आहे, तुझं वाळवण नाही."

त्यानंतर आई त्यांच्याशी बोलेना. मी दोघांमधले निरोप पोचवत होते.

*

गेल्या रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. प्लांट ठेवायचा की काढायचा? बाबा सारखे घड्याळाची चेन उघडझाप करत होते. मला तर बसवेना. हात वर झाले, दोन्हीकडे सारखेच. उरलं एकच मत.

"भाभीजी, आप?" भल्ला अंकलनी विचारलं.

आई उभी राहिली. बाबांकडे तिने बघितलंही नाही. "मेरी एक शर्त है," ती म्हणाली. बाबांच्या हातातली चेन थांबली, कारण ती शर्त काय असणार हे त्यांना…

"अगं, लिहीत काय बसलीस? आंधी येतेय! वर ये पटकन, आधी माझ्या पराती उचल!" जिन्यातून बाबा…